मुंबईच्या जुन्या चाळींच्या घरमालकांस अनावृत पत्र

गिरगाव, मुंबई,
चैत्र

मुंबई शहरातील भाड्याच्या जुन्या इमारतींचे सन्माननीय मालक, विश्वस्त आणि त्यांचे मुखत्यार यांस,



हे पत्र उघडपणे लिहावे लागत आहे याचा मला खेद वाटतो. भाडेकरूला मालकाशी जे बोलायचे ते त्याने पेढीवर जाऊन, समोर बसून बोलावे, आणि फारच झाले तर रजिस्टर टपालाने लिहून कळवावे, ही आमच्या वाडवडिलांची रीत होती व ती आम्ही आजवर पाळली. परंतु टपालाने पाठविलेल्या अर्जाची पोच यावी, पोचेवर आपल्या गुमास्त्याची सही असावी आणि त्यापलीकडे एका ओळीचेही उत्तर येऊ नये, असा अनुभव जेव्हा एका चाळीपुरता न राहता गिरगावापासून लालबाग-परळापर्यंत जिथे जिथे माझे आप्त व स्नेही भाड्याने राहतात तिथल्या बहुतेक चाळींचा होऊन बसतो, तेव्हा खासगी पत्रव्यवहाराचा मार्ग खुंटला असे समजणे भाग पडते. माझ्या स्वतःच्या घरमालकांचे नाव मी येथे घेत नाही. त्यांच्याशी माझे वैर नाही. आणि जी दिरंगाई एका संपूर्ण वर्गाच्या अंगवळणी पडली आहे तिच्याबद्दल एकट्यालाच बोल लावणे न्यायाचे होणार नाही.

आपली बाजू मी जाणतो, आणि ती प्रथम मांडणे हे माझे कर्तव्य समजतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या शहरात माणसांचे लोंढे येऊ लागले आणि भाडी भडकू नयेत म्हणून जे निर्बंध आले ते १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरले, आणि त्यानंतर सागवान, लोखंड, सिमेंट व मजुरी यांचे दर कितीतरी पटींनी वाढले तरी ते भाडे पिढ्यानपिढ्या जिथल्या तिथे राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली, ही गोठवलेली भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असा निर्वाळा दिला. पुढे ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण मूळ रक्कमच इतकी अल्प की त्या वाढीने आपल्या जमाखर्चात काही फरक पडला नसेल. आमच्या चाळीतील काही खोल्यांचे महिन्याचे भाडे आजच्या बाजारात एका माणसाच्या दोन वेळच्या जेवणासही पुरणार नाही, हे मी कोणत्याही भाडेकरूसमोर उच्चरवाने मान्य करीन.

आता आमची बाजू. ज्या अधिनियमाने आपल्याला ४ टक्के दिले त्याच अधिनियमाचे चौदावे कलम असे सांगते की, उलट करार नसल्यास भाड्याची जागा राहण्यास योग्य अशा स्थितीत राखणे हे मालकावर बंधनकारक आहे. आणि हे कलम भाडे किती असावे यावर अवलंबून ठेवलेले नाही. १९४७ च्या कायद्यातही हे बंधन होतेच. मालकाने हयगय केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही काम न झाल्यास स्वखर्चाने दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशीही तजवीज या चौदाव्या कलमात आहे. पण एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. उदाहरणादाखल महिन्याचे भाडे ४०० रुपये धरले तर वर्षाचे ४८०० आणि वळती करण्याजोगी रक्कम १२०० रुपये होते. एवढ्या पैशांत तीन मजल्यांच्या चाळीला परांची बांधून देणारा कंत्राटदारसुद्धा मिळत नाही. म्हणजे अल्प भाड्याचा जाच आपल्याइतकाच आम्हालाही आहे. कायद्याने आमच्या हाती दिलेले साधन त्या अल्पतेनेच बोथट केले आहे, आणि म्हणून आमचा सारा भरवसा शेवटी आपल्या सद्भावावर येऊन टेकतो.

यावर आपल्याकडून येणारे ठराविक उत्तर असे, की दुरुस्ती हे म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मंडळाचे काम आहे. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, पुढे ते म्हाडात सामावले गेले, आणि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागातील जुन्या भाड्याच्या इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, १९५० अखेरपर्यंतच्या व ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या अशा अ, ब, क वर्गांत विभागून त्यांच्यावर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला, हे सर्व खरे आहे. परंतु मंडळाचे काम मुख्यत्वे इमारतीच्या रचनेशी, म्हणजे तिचे खांब, तुळया, भार वाहणाऱ्या भिंती यांच्याशी निगडित आहे, खर्चाला मर्यादा आहे, आणि एकेका इमारतीची पाळी येईपर्यंत वर्षे लोटतात. उतरलेले कौल बसविणे, तुंबलेली पन्हळ मोकळी करणे, गळका नळ बदलणे, जिन्याचा सुटलेला कठडा ठोकणे ही मालकाची डागडुजी आहे. ती मंडळावर ढकलली की मंडळ ती मालकाकडे परत पाठविते, आणि दोन्ही दप्तरांच्या मधल्या वाटेवर आमचा अर्ज फिरत राहतो.

या लहान कामांबद्दल मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मोठा अनर्थ त्यांच्यातूनच होतो आणि तो कसा होतो हे पेढीवर बसून दिसत नाही. आमच्यासारखी चाळ म्हणजे बाहेरून विटांच्या जाड भिंती, चुन्यात बांधलेल्या. आत सागाचे खांब व तुळया. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कोबा. आणि सर्वांवर मंगलोरी कौलांचे छप्पर. छपराचे पाणी पन्हळीतून बिडाच्या पाइपात येते व पाइपातून गटारात जाते. त्या पाइपाचा एक सांधा उसवला की पाणी भिंतीवरून ओघळू लागते. पहिल्या पावसाळ्यात हिरवट डाग पडतो, दुसऱ्यात त्या डागावर पिंपळाचे रोप उगवते, त्याची मुळे विटांच्या सांध्यांत शिरतात आणि चुना सैल होतो. एवढ्यावर भागत नाही. तुळईचे टोक ज्या खाचेत भिंतीच्या पोटात बसविलेले असते तिथवर ही ओल जाते, आणि तिथे वारा नसल्यामुळे ती एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत सुकत नाही. खोलीत बसलेल्या माणसाला तुळई दिसते ती तैलरंग दिलेली, सरळ, धडधाकट. तिचे टोक आत कुजत असल्याचे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या दुसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत भिंतीचा पोपडा आपण होऊन गळून पडला तेव्हा शेजारच्या गल्लीतील एका वृद्ध सुताराला आम्ही बोलावून आणले. त्याने तुळई मध्यावर हातोडीने ठोकली, आवाज टणक आला. भिंतीकडे सरकत ठोकीत गेला तसा आवाज बद्द होऊ लागला. शेवटी त्याने गिलावा थोडा खरवडून पेचकस लाकडात रोवला, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सागात तो मुठीपर्यंत निमूट आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला काळा, ओला भुसा चिकटला होता. सुतार काही बोलला नाही. त्याने त्या घरातील बाईंना पलंग त्या तुळईखालून हलविण्यास सांगितले, आणि तो कोठे हलवावा हे दहा फुटांच्या खोलीत त्या बाईंना सुचेना.

त्या खोलीत आता लोखंडी टेकू उभा आहे. आमच्या वारंवारच्या तगाद्यानंतर आपल्यातील एका मालकाच्या मुखत्याराने तो पाठविला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण टेकू देणाऱ्याने तो कशावर उभा आहे हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्या मजल्याच्या जमिनीवर ठेवलेला टेकू आपला सारा भार पहिल्या मजल्याच्या तुळईवर टाकतो, आणि ती तुळईही त्याच भिंतीत, त्याच गळक्या पाइपाशेजारी, शिरलेली आहे. टेकू द्यायचा तर तो तळमजल्याच्या भक्कम जमिनीपर्यंत एकाखाली एक उतरवावा लागतो. तसेच भिंतीचे: चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत वरून कोरडी व गुळगुळीत दिसते आणि आतून अधिकच भिजते. हे शास्त्र जाणणारे अभियंते व गवंडी या शहरात आजही आहेत. स्वस्तातला कंत्राटदार पाठविण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाला पाठविले असते तर आपला खर्चही वाचला असता.

आणि हे सर्व एका पाइपाच्या सांध्यापायी. आमचा पहिला अर्ज त्या सांध्याबद्दलच होता.

आपल्याकडून होणाऱ्या दिरंगाईचे आणखी एक कारण मला दिसते, ते असे की अर्ज कोणाकडे करावयाचा हेच आता कळेनासे झाले आहे. पूर्वी मालक चाळीच्याच आवारात वा जवळच्या रस्त्यावर राहत, सणासुदीला दिसत, आणि जिन्याची पायरी निखळली तर ती त्यांच्याही पायाला लागे. आज एका इमारतीचे पाच वारस, त्यांतील दोघे परदेशी, एक न्यायालयात. काही इमारती विश्वस्तनिधीकडे. काही एखाद्या विकासकाने विकत घेतलेल्या, आणि भाड्याच्या पावतीवर मात्र अजून जुन्याच पेढीचा शिक्का. वसुलीस येणारा माणूस प्रामाणिकपणे सांगतो की त्याला फक्त वसुलीचाच अधिकार आहे. कुलमुखत्यारपत्र देताना भाडे घेण्याचा अधिकार लिहून द्यावयाचा आणि दुरुस्तीचा हुकूम देण्याचा अधिकार मात्र राखून ठेवावयाचा, ही पद्धत आपण सोडून द्यावी, कारण तिच्यामुळे मालकी सर्वांची व जबाबदारी कोणाचीच नाही अशी अवस्था प्राप्त होते.

हक्क मात्र वेळेवर स्मरतो. पागडीच्या, म्हणजे आगाऊ ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीचे हस्तांतर व्हावयाचे असले की त्याच पेढीतून तत्परतेने निरोप येतो, कागद तयार होतात, आणि पुष्कळ ठिकाणी तिसरा हिस्सा मालकाकडे जमा होतो. १९९९ च्या अधिनियमाने हे व्यवहार कायदेशीर ठरविले आहेत आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. भाडे अल्प असल्याची भरपाई आपण या वाटेने करून घेत असाल तर तेही मी समजू शकतो. परंतु जी इमारत या हस्तांतरातून आपल्याला आजच्या बाजारभावाने उत्पन्न देते तिच्या डागडुजीचा प्रश्न निघताच १९४० च्या भाड्याचा दाखला द्यावा, हे मला न्याय्य वाटत नाही. या रकमेतील काही भाग इमारतीच्या नावे वेगळा ठेवण्याचा नियम आपल्या संघटनांनी केला तर निम्म्याहून अधिक लहान कामे भाडेकरूंकडे हात न पसरता होतील, अशी माझी खात्री आहे.

त्याहून दुःखाची गोष्ट अशी की पुष्कळ ठिकाणी भाडेकरू वर्गणी काढून काम करावयास तयार असतात, आणि आपली ना-हरकत मिळत नाही. सामाईक शौचालयाचा फुटलेला पाइप स्वतःच्या पैशाने बदलण्यास संमती मागितली असता ती महिनोन्महिने अडून राहते, कारण भाडेकरूने केलेल्या दुरुस्तीतून पुढे त्याचा काही हक्क उभा राहील अशी शंका आपल्या वकिलांना येते. ही शंका दूर करणारा चार ओळींचा करारनामा तेच वकील एका दुपारी लिहून देऊ शकतात. आणि तक्रार करणाऱ्याचे भाडे घेण्याचे बंद करून, पाठविलेली मनीऑर्डर परत करून, त्याला थकबाकीदार ठरविण्याचा जो प्रकार काही पेढ्यांतून चालतो त्याचा मी येथे स्पष्ट शब्दांत निषेध करतो. भाड्याची पावती हा आमच्या निवासाचा आधार आहे; तिच्यावर घाला घालून गप्प बसविलेला भाडेकरू पुन्हा भिंतीतली भेग दाखवावयास येत नाही, आणि ती भेग वाढत जाते.

आता त्या गोष्टीकडे येतो जी बोलून दाखविली जात नाही. इमारतीचा पुनर्विकास व्हावयाचाच आहे, मग जुन्या हाडांवर पैसा कशाला घालावा, असा विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. तो व्यवहार म्हणून चुकीचा नाही. पण पुनर्विकासाचा पहिला ठराव आणि नव्या घराची किल्ली यांच्यामध्ये या शहरात दहा-दहा, वीस-वीस वर्षे जातात, आणि तेवढे पावसाळे आम्हाला त्या जुन्या हाडांखालीच काढावयाचे असतात. २०२२ साली राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या म्हाडा कायद्यातील दुरुस्तीने धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाची पहिली संधी मालकालाच दिली आहे. ती घ्यावयाची असेल तर उघडपणे व मुदतीत घ्यावी. दुरुस्ती टाळीत राहावयाचे, इमारत आपोआप सी-१ या अतिधोकादायक वर्गात जाण्याची वाट पाहावयाची, आणि मग महापालिकेच्या नोटिशीने खोल्या रिकाम्या करून घ्यावयाच्या, हा मार्ग कायद्याच्या अक्षरात बसवून घेता येईलही, पण त्या मार्गावर माणसे मरतात.

हे शब्द मी जपून लिहीत आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून १३ गेली, आणि कोसळलेला भाग नेमका कोणाच्या जबाबदारीतला याचीच चर्चा त्यानंतर कितीतरी दिवस चालली. बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून १० गेली. प्रत्येक घटनेची कारणे निराळी होती आणि त्यांचा दोष मी येथे कोणावर ठेवीत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की आमच्यापैकी प्रत्येकाला या तारखा पाठ आहेत, आणि जुलैच्या रात्री वरच्या मजल्यावर काही खसकन वाजले की आमच्या घरातील म्हातारी माणसे उठून बसतात.

मग आपण म्हणाल की इतके भय आहे तर खोली सोडून जात का नाही. कारण तात्पुरत्या निवासाच्या संक्रमण शिबिरात गेलेल्यांपैकी तिथेच म्हातारे झालेले लोक आम्ही पाहिले आहेत. खोलीचे क्षेत्रफळ मोजून, रहिवाशांची नावे लिहून, परत येण्याच्या हक्काचा सही-शिक्क्याचा कागद हाती दिल्याशिवाय कोणीही शहाणा मनुष्य बापजाद्यांची खोली सोडणार नाही. हा कागद आपण दिलात तर टेकूखाली झोपण्याचा हट्ट कोणी धरणार नाही.

भाडेकरूंचेही अपराध आहेत आणि ते मी लपवीत नाही. पोटमाळ्यांवर पोटमाळे चढविणे, गॅलरीत पाण्याची पिंपे भरून ठेवणे, मोरी वाढवून घेताना खालच्या भिंतीचा विचार न करणे, मधली भिंत पाडून खोली मोठी करणे, या गोष्टींनी पुष्कळ इमारती वाकल्या आहेत. त्या आपण वर्षातून एकदा येऊन पाहाव्यात, लेखी समज द्यावी, आणि ऐकले नाही तर कायद्याने जे करणे शक्य आहे ते करावे. आम्ही आपल्या बाजूने उभे राहू. पण त्यासाठी कोणीतरी यावे लागते.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. प्रत्येक इमारतीच्या भाड्याच्या पावतीवर, दुरुस्तीचा निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाचे नाव, पत्ता व दूरध्वनी छापावा. लेखी तक्रारीस पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, कारण नकार हाती असला तर आम्हाला म्हाडाकडे, महापालिकेकडे वा लघुवाद न्यायालयात जाता येते, आणि मौन घेऊन कोठेच जाता येत नाही. दरवर्षी चैत्र-वैशाखात जाणत्या अभियंत्याकडून इमारतीची पाहणी करवावी, पन्हळी साफ करवाव्यात, भिंतींवरचे पिंपळ नुसते न छाटता मुळासकट काढवावेत, आणि पाहणीच्या अहवालाची एक प्रत भाडेकरूंस द्यावी. आपल्यात असे मालक आहेत जे आजही हे सर्व न सांगता करतात. ठाकूरद्वाराजवळच्या अशा एका चाळीतील जिन्याला दरवर्षी तेल दिलेले मी पाहिले आहे, आणि तिथले भाडे आमच्याहून जास्त नाही.

मृग नक्षत्रास आता जेमतेम दोन महिने आहेत. पाइपाचा सांधा बदलण्यास एक दिवस लागतो, आणि तुळईचे टोक कापून नवे जोडण्यास एक आठवडा. दोन्ही कामे पाऊस सुरू झाल्यावर करता येत नाहीत. तेव्हा निदान उत्तर तरी वैशाख संपण्यापूर्वी द्यावे, ही कळकळीची विनंती.



आपला नम्र,
गिरगावातील एका चाळीचा भाडेकरू